दुधाळ विहीर आणि कोळसाआप्पा

ज्या माणसानं भर ग्रामसभेत मला माझ्याच तोंडून हरवलं, त्याच्याबद्दल चांगलं लिहायला बसलो आहे. राग गेलेला नाही, हे आधीच सांगतो. आप्पांना कुणी हे वाचून दाखवलं, तर तेही त्यांना कळू द्या.

माझी खडीची खाण आणि क्रशर नंदुरबारहून धानोऱ्याकडे जाताना आतल्या रस्त्याला आहे. गावाचं नाव लिहीत नाही. भांडण मिटलं आहे, ते पुन्हा उकरायला नको. मी दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर दगड भरायला जायचो, तिथून क्रशरच्या मालकीपर्यंत आलो. मधे कुणी हात दिला नाही. जे मिळालं ते घासाघीस करून मिळालं. बाजारातली भाजीवाली मला लांबून बघून भाव चढवते, कारण मी पाडणार हे तिला ठाऊक असतं. मला त्यात अपमान वाटत नाही. ज्याच्याशी लोक भाव करतात, त्याला ते माणसात धरतात.

आप्पा मूळचे आमच्याच भागातले, तापीकाठच्या शेतकरी घरातले. रसायनशास्त्र शिकून वणीकडच्या उघड्या कोळसा खाणींवर नोकरीला लागले आणि तिथेच निवृत्त झाले. कोळशापर्यंत पोचायला आधी त्याच्या वरची माती, मुरूम, कच्चा दगड असं सगळं काढून बाजूला टाकावं लागतं. त्या काढलेल्या मालाला खाणीवर ओबी म्हणतात, ओव्हरबर्डन, म्हणजे वरचं ओझं. ओबीचे डोंगर होतात, त्यांतून पाणी झिरपतं, आणि ते पाणी कुणाच्या तरी नाल्यात जातं. त्या डोंगरांची आणि त्या पाण्याची तपासणी हे आप्पांचं आयुष्यभराचं काम. नंदुरबारला परत आल्यावर लोकांनी त्यांना कोळसाआप्पा म्हणायला सुरुवात केली. ते खूश होते. फक्त एवढं म्हणायचे, "कोळसा मन्हाकडे कधी नव्हताच. मन्हाकडे कोळसानं वझं व्हतं."

हा माणूस खाणीवर पांढरेशुभ्र कपडे घालून यायचा. पांढरा शर्ट, पांढरी पँट, पांढरी टोपी. पहिल्यांदा आले तेव्हा क्रशर जोरात चालू होता आणि धूळ डोक्यावर धुक्यासारखी उभी होती. मी म्हणालो, "आप्पा, पानी देखाले उनात का कपडा दखाडाले?"

ते म्हणाले, "कपडाच दखाडाले." आणि संध्याकाळी जाताना खरंच माझ्यापुढे दोन्ही बाह्या धरून उभे राहिले. डाव्या बाहीवर धूळ जास्त होती. "वारा गावाकडे शे. डावीकडे पानी मारत जा." यंत्रं त्यांच्याकडेही होती, पण यंत्राचा आकडा मालक मान्य करत नाही आणि मळलेला शर्ट नाकारता येत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. शर्ट धुवायचा कुणी, हे मात्र त्यांच्या घरात कधी ठरलं नाही. काकू मला एकदा म्हणाल्या होत्या की कोळशाची धूळ परवडली, तुमची खडीची सुटतच नाही.

दुसरी खोड चहाची. तपासणीला जिथे जातील तिथलं ते काही खात-पीत नसत. उलट मोठा थर्मास घेऊन यायचे आणि ज्याची तपासणी करायची त्यालाच चहा पाजायचे. मी कप पुढे केला की म्हणायचे, "तुन्हं मी काही पेस नही. तू मन्हा च्या पी." आता सांगा, अशा माणसाशी सौदा कसा करायचा? सौद्यात आधी समोरच्यानं आपलं काहीतरी घ्यावं लागतं. ह्यांचा चहा प्यायचा आणि पुन्हा ह्यांच्यापुढे मान खाली, म्हणजे मीच बांधला गेलो.

तिसरी गोष्ट त्यांच्या जिभेची. एरवी ते आमच्यासारखं अहिराणीत बोलायचे. ज्या क्षणी शाळेतली, कचेरीतली मराठी सुरू होईल आणि ते मला "आपण" म्हणतील, त्या क्षणी समजायचं की कान उपटले जाणार आहेत.

आता ज्या भांडणामुळे ते आमच्याकडे आले ते सांगतो.

खाणीची जमीन मी गावातल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याकडून घेतली. त्यांना सगळे नाना म्हणतात. वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली काळा दगड. दगड माझा, पण वरची माती काढून टाकायची कुठे? तेवढ्यात परवानगीसाठी ग्रामसभेकडे गेलो, तर गावानं अट घातली. गावाच्या वरच्या अंगाला नाला आहे, त्यावर आम्हाला बांध घालून द्या. नाना स्वतः उठून म्हणाले, "काळी माटीना गाभा पायजे. नुसता मुरूममा पानी टिकत नही." आमच्या भागात सगळे बांध तसेच घालतात, मधे काळ्या मातीचा गाभा. मी बराच वेळ नाही नाही म्हणालो आणि मग उपकार केल्यासारखं हो म्हणालो. मनात खूश होतो. माझी काढलेली माती जागेवर खपत होती आणि वर नाव होत होतं.

बांध उभा राहिला. खाणीत साचणारं पाणी मी पंपानं नाल्यात सोडायचो, ते बांधाला अडून तळं झालं. गावानं नारळ फोडला. म्हशी डुंबायला लागल्या. सगळं गोड.

मग बांधाच्या खालची पिण्याची विहीर बिघडली. पाणी दुधाळ झालं. हंडा रात्रभर ठेवला तरी खाली गाळ बसत नव्हता, पाणी पांढरट ते पांढरटच. बाया लांबच्या मळ्यातल्या बोअरवर जायला लागल्या. गावाचं उत्तर तयार होतं. खाणीत सुरुंग लावतात, बारूदचं पाणी पंपानं नाल्यात येतं, तेच विहिरीत उतरतं. आमच्या सरपंच बाई आहेत, शेतकरी घरातल्या, बोलायला माझ्यापेक्षा वरचढ. त्या क्रशरवर येऊन म्हणाल्या, "भाऊ, तुमनी बारूद आमना हंडामा उनी."

"ताई, खाननं पानी मी सोता पेस."

"तुमले काय भाऊ, तुमले दगडबी पचतस."

माझा आवाज चढला. त्यांचाही चढला. दुसऱ्या दिवशी माझे ट्रॅक्टर गावाच्या वाटेवर अडवले. खाण बंद करायचा ठराव पुढच्या ग्रामसभेत येणार, हे पक्कं झालं. ट्रॅक्टर अडवल्याचं मला एवढं लागलं नाही. लागलं ते हे की गावानं माझ्याशी बोलणंच टाकलं. कुणी अट घालेना, कुणी मागेना. मी एवढं सगळं ज्या खड्ड्यात घातलं होतं तो खड्डा बंद, आणि मी गावाला विष पाजणारा. ज्या गावाला मी बांध दिला त्या गावानं हे म्हणावं.

तपासणी करायची ठरली, पण माझा माणूस गावाला नको आणि गावाचा मला नको. शेवटी दोन्ही बाजूंना एकच नाव चाललं, कारण कोळसाआप्पांवर दोन्ही बाजू सारख्याच वैतागलेल्या होत्या. आसपासच्या क्रशरवाल्यांना ते धुळीवरून छळत. गावात त्यांनी कुणाच्या तरी बोअरचं पाणी जनावरालाही देऊ नका म्हणून सांगितलेलं होतं, आणि ते बोअर उपसरपंचाच्या मेव्हण्याचं होतं.

पहिल्या दिवशी मी त्यांना खाणीच्या काठावर स्वच्छ जागी नेलं. "आठेनं पानी ल्या आप्पा, आठे चांगलं शे." त्यांनी ऐकून घेतलं आणि पंपाचा पाइप जिथे बुडालेला असतो तिथे जाऊन बाटल्या भरल्या. मी अडून बसलो. निदान एक बाटली तरी माझ्या जागेवरची घ्या. बराच वाद झाल्यावर त्यांनी ती घेतली आणि चिठ्ठीवर लिहिलं, 'मालकाच्या इच्छेने घेतलेले पाणी'. ती चिठ्ठी प्रयोगशाळेतल्या मुलींनीही वाचली असणार.

मग पिशवीतून त्यांनी तामचिनीची पांढरी थाळी काढली. तिला दोरी बांधलेली होती. ती पाण्यात सोडायची आणि किती खाली गेल्यावर दिसेनाशी होते ते बघायचं. खाणीत थाळी खाली खाली गेली आणि दिसतच राहिली. मी छाती फुगवून उभा. बांधाच्या तळ्यात मात्र ती हात बुडेपर्यंतही टिकली नाही. मी म्हणालो, म्हशी आहेत तिथे, ढवळतात.

त्यांना ढिगांना नावं ठेवायची सवय होती. कोळशाच्या खाणीवर म्हणे त्यांच्या सगळ्या नातेवाइकांचे ढीग होते. माझ्या मुरमाच्या ढिगावर ते पांढऱ्या कपड्यांसकट पोटावर आडवे झाले, पाण्यानं पडलेल्या चरांत बोटं घातली आणि म्हणाले, "हाऊ जवाई. आवाज भलता, तरास काही नही." मग बांधावर जाऊन उभे राहिले. तिथे नारळाची करवंटी आणि हळदकुंकू अजून होतं. "आन् हाऊ मोठा भाऊ. समदा पाया पडतस, म्हनीसन त्याना खिसामा काय शे ते कोनी देखत नही."

मी विचारलं, "मंग निकाल?"

"होळीनंतर."

मी भडकलो. होळीला वेळ होता आणि माझे ट्रॅक्टर उभे होते. पण आप्पांना होळीच हवी होती. माझे कामगार सातपुड्यातले. होळी आली की ते खाली थांबत नाहीत. काठी गावची राजवाडी होळी, मग पुढच्या गावांच्या, असे ते वर जातात ते सावकाश परत येतात. त्यांना थांबवण्याचा सौदा मला आजवर एकदाही जमलेला नाही, आणि दर वर्षी मी त्या दिवसांत क्रशरकडे बघून चरफडतो. आप्पा मात्र हात चोळत म्हणाले, "सुरुंग बंद, पंप बंद, समदं एकदम बंद. कोळसामा माले अशी सोय कधी भेटनी नही. तठे दिवाळीलेबी डंपर चाले."

होळीला खाण थांबली. आप्पांनी गावाला दुधाळ विहीर पूर्ण उपसायला लावली. विहीर कोरडी झाली, तळ दिसला. मग हा म्हातारा म्हणाला, मला खाली सोडा. बाजेला चारी बाजूंनी दोर बांधले. वर चार माणसं हवी होती, त्यातला एक दोर आप्पांनी मुद्दाम माझ्या हातात दिला. सरपंच बाई म्हणाल्या, "भाऊना हातमा दोर? तुमनी तं कमालच शे आप्पा."

आप्पा बाजेवर मांडी घालत म्हणाले, "ऱ्हाऊ द्या ताई. मी वर उनू नही तं त्याले निकाल कोन दी?"

लोक हसले. मीही हसलो, आणि मग हसल्याबद्दल स्वतःवर चिडलो.

खाली त्यांनी बॅटरी लावून एकेक झरा बघितला. वरून आम्हालाही दिसत होतं. उगवतीकडचे झरे स्वच्छ होते, बॅटरीच्या उजेडात नुसते चमकत होते. बांधाच्या बाजूचा एकच झरा होता, आणि त्यातून दूध पाझरावं तसं पाणी येत होतं. खाण बंद, पंप बंद, आणि तरी येत होतं. आप्पा वर आले, कपडे चिखलानं भरलेले, आणि थर्मास उघडून सगळ्यांना चहा वाटायला लागले. मी विचारलं तर म्हणाले, "आपण ग्रामसभेपर्यंत कृपया धीर धरावा." आपण म्हटल्यावर मी कप उचलला.

ग्रामसभेला त्यांनी चहाच्या टपरीवरून काचेचे तीन ग्लास मागवले. तिन्हींत खाणीतलं पाणी ओतलं, सगळ्यांसमोर. एकात मुरमाचा खडा टाकला. दुसऱ्यात गावातल्या चांगल्या वावरातलं ढेकूळ. तिसऱ्यात बांधाच्या गाभ्यातलं ढेकूळ. म्हणाले, "कोनी हात लावू नका. ढवळू नका. फक्त देखा."

एवढी माणसं एवढा वेळ गप्प बसलेली मी आमच्या ग्रामसभेत पाहिली नव्हती. मुरूम तसाच पडून राहिला. चांगल्या मातीचं ढेकूळ फुटलं आणि तळाशी बसलं, वर पाणी निवळ. तिसऱ्या ग्लासात ढेकळाभोवती धुरासारखं पांढरट काही उठलं आणि पसरत गेलं. कुणी ढवळलं नव्हतं. थोड्या वेळात सगळा ग्लास विहिरीच्या पाण्यासारखा झाला.

आप्पा माझ्याकडे वळले. "भाऊ, तू भलता हुशार सौदा करस म्हनतस. ही जमीन लेताना भाव काय म्हनीसन पाडा?"

असा प्रश्न मला कुणी विचारावा आणि मी गप्प बसावं, हे होणार नाही. मी उठून उभा राहिलो. "चोपन व्हती म्हनीसन. पानी पडं का चिखल, सुकं का पांढरं. गहू हातभर वाढे नही. असा वावरले कोन भाव दी?"

बोलून झालं आणि मला स्वतःचाच आवाज ऐकू आला.

आप्पा नानांकडे वळले. "नाना, तुमले म्हाईत व्हतं?"

"म्हाईत व्हतं, म्हनीसन तं ईकं," नाना म्हणाले, आणि मागून कुणीतरी फिसकन हसलं.

मग आली ती कचेरीतली मराठी. "म्हणजे एकाने चोपण म्हणून विकली. दुसऱ्याने चोपण म्हणून पाडून घेतली. आणि मग दोघांनी मिळून तीच माती पिण्याच्या विहिरीच्या डोक्यावर रचली. चोपण माती पाण्यात विरते, बसत नाही, हे या गावात पोरासोरांनाही ठाऊक आहे. शेतात ठाऊक आहे, बांधावर नाही. आपण नारळसुद्धा फोडला."

खाणीचं पाणी चांगलं आहे, हेही त्यांनी सांगितलं. सुरुंग भरताना सांडलेली बारूद गोळा करत जा, एवढीच सूचना. बाटल्यांचा निकाल, मालकाच्या इच्छेच्या बाटलीसकट, सगळा सारखाच होता.

आणि तो निकाल त्यांच्याकडे होळीच्या कितीतरी आधी आलेला होता. हा माझा राग. गाव मला विष पाजणारा म्हणत होतं, माझे ट्रॅक्टर उभे होते, आणि हा माणूस माझ्या निर्दोषपणाचा कागद खिशात ठेवून मला चहा पाजत होता. सभा उठल्यावर मी त्यांना गाठलं. एवढं एक वाक्य आधी सांगायला काय झालं होतं?

ते म्हणाले, "तुले सांगं असतं तं तू काय करतास?"

"गावभर बोंबलनू असतू."

"तेच." मग टोपी काढून त्यांनी झटकली. कोळशाकडे एकदा असंच झालं होतं. खाणीतलं पाणी ठीक, ढिगाचं तपासणं बाकी. साहेबांनी अर्धा निकाल गावाला वाटून टाकला. गाव निर्धास्त झालं, आणि तिसऱ्या पावसाळ्यात ढिगाखालच्या नाल्याला आंबट, आम्लाचं पाणी सुटलं. त्याच नाल्यावर गाव कपडे धुवत होतं, अंघोळी करत होतं, कारण निकाल चांगला आला होता. "लोकेसनी कातडी सोलाई गयी. तुन्हं नाव महिनाभर खराब ऱ्हायनं. नाव धुवाई जास."

त्यांचं म्हणणं मला कळतं. पटत अजून नाही. त्यांच्या नावावर कुणी चिखल टाकलेला नव्हता.

बांधाची दुरुस्ती कुणी करायची यावर आमची दोन सभा भरतील एवढी भांडणं झाली. माझं म्हणणं, माती तुम्ही मागितली. त्यांचं म्हणणं, माती तुम्ही दिली. आप्पा मधे बसून चहा ओतत राहिले आणि शेवटी ठरलं ते असं. तळं रिकामं करायचं, गाभ्याची माती पाण्यात विरू नये म्हणून तिच्यात जिप्सम मिसळायचं, वरून मुरूम दाबायचा आणि पाण्याच्या बाजूला दगड बसवायचे. यंत्र आणि दगड माझे, हात गावाचे, जिप्सम दोघांचं. चोपण शेतात जिप्सम टाकायची गावाला सवय होती. बांधाला टाकायचं ऐकून नानांना मात्र हसू आवरेना. पाऊस लागायच्या आत काम झालं. खाणीवर मी पुढची पट्टी मोकळी केली तेव्हा काळी माती वेगळी, मुरूम वेगळा, असे ढीग लावले. आप्पांनी त्यांना नावं ठेवली. ती इथे छापण्यासारखी नाहीत, माझ्या सासरचे लोक वाचतात.

पावसाळा सरल्यावर विहीर आधी ताकासारखी झाली, मग पाण्यासारखी. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत बायांनी बोअरची वाट सोडून दिली. आता आप्पा आणि काकू लेकीकडे असतात, पुन्हा त्याच कोळशाच्या मुलखात. मधे फोनवर सांगत होते की बंद पडलेल्या एका खाणीचं तळं झालं आहे आणि ते थाळी घेऊन जातात. कुणी बोलावलेलं नाही, स्वतःच जातात.

जाण्याआधी ते शेवटचे क्रशरवर आले होते तो दिवस सांगतो. आम्ही चहा पीत होतो, त्यांचाच. सरपंच बाई आल्या. भांडणानंतर गावातून क्रशरवर आलेलं हे पहिलं माणूस. खुर्चीत बसून त्यांनी विचारलं, "भाऊ, खान आजून किती वरीस चाली?"

"काबर?"

"सरनी का तो खड्डा गावले द्या. पानी चांगलं शे म्हनतस. मासा पाळसूत."

"फुकट?"

"फुकट काबर? खान चाली तोपर्यंत गाव तुमना ट्रॅक्टर अडावाव नही."

"ताई, आन् काठवर चढाले-उतराले पायऱ्या बी मांगा," आप्पा शांतपणे म्हणाले. "आत्तेच मांगा, मंग हाऊ देवाव नही."

मी कप आपटला. "आप्पा, तुम्ही कोना बाजूना शेतस?"

ते थर्मासचं झाकण लावत राहिले. मी रागानं उठून उभा राहिलो. ह्या बाई खाण बंद करायचा ठराव घेऊन निघाल्या होत्या, आणि आता त्या माझी खाण दगड संपेपर्यंत चालणार हे धरूनच बोलत होत्या. त्यापुढच्या वर्षांचंही मागत होत्या, आणि माझ्याकडून मागत होत्या.

"बठा भाऊ," सरपंच बाई म्हणाल्या. "मन्हं सांगनं आजून ऱ्हायनं शे."

मी खुर्ची पुढे ओढून बसलो.

"अर्धा मासा मन्हा," मी म्हणालो.